हेन्री टेट: किराणा दुकानदार, साखर कारखानदार आणि चित्रसंग्राहक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हेन्री टेट म्हणजे लंडनच्या टेट म्युझियमवाले का?

हो, तेच. टेट ब्रिटन, टेट मॉडर्न ही नावं पुष्कळांच्या कानावर असतात, पण टेट हे एका किराणा दुकानदाराचं आडनाव आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. हेन्री टेट यांचा जन्म 11 मार्च 1819 रोजी इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात, चॉर्ली गावाजवळच्या व्हाइट कॉपिस या वाडीत झाला. वडील विल्यम टेट हे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या असलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे, धर्मोपदेशक होते. घरात मुलं भरपूर आणि पैसा बेताचा.

पुढे ते साखरसम्राट झाले, म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख 'साखर कारखानदार' अशीच करून देतात. पण तेराव्या वर्षापासून चाळिशी ओलांडेपर्यंत त्यांनी किराणाच विकला. हा माणूस समजून घ्यायचा तर सुरुवात गल्ल्यापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाइकाला काय हवं आहे, ते किती पैसे मोजू शकतं आणि कशासाठी त्याची अडचण होते, हे ते दुकानात शिकले. पुढचं सगळं त्या शिक्षणावर उभं आहे.

दुकानाची सुरुवात कशी झाली?

तेराव्या वर्षी ते लिव्हरपूलला आले आणि एका किराणा दुकानात उमेदवारी करू लागले. तेव्हाचं लिव्हरपूल म्हणजे गजबजलेलं बंदर. चहा, कॉफी, मसाले, कच्ची साखर, सगळा माल जहाजांतून थेट धक्क्यावर उतरायचा. किराणा दुकानातल्या पोऱ्याला तो माल पारखायला शिकावं लागे: चहाच्या पत्तीत भेसळ आहे का, साखर दमट आहे का, वजन पुरेपूर भरतंय का. आजच्यासारखी तयार पाकिटं नव्हती. प्रत्येक जिन्नस गिऱ्हाइकासमोर तोलून कागदात बांधून द्यायचा.

विसाव्या वर्षी टेट यांनी स्वतःचं दुकान थाटलं. 1855 पर्यंत त्यांची सहा दुकानं झाली होती. वडिलोपार्जित भांडवल नसलेल्या माणसाने पस्तिशीच्या आसपास सहा दुकानं चालवावीत, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

चालती सहा दुकानं विकून साखरेच्या धंद्यात का पडले?

1859 मध्ये ते जॉन राइट अँड कंपनी या लिव्हरपूलच्या साखर शुद्धीकरणाच्या व्यवसायात भागीदार झाले आणि 1861 मध्ये सगळी दुकानं विकून मोकळे झाले. 1869 मध्ये भागीदारी संपली, धंदा पूर्णपणे त्यांच्या हाती आला आणि पेढीचं नाव 'हेन्री टेट अँड सन्स' झालं.

कारण समजायला अवघड नाही. किराणा दुकानात साखर हा रोज खपणारा माल होता. चहा गरिबाच्या घरात पोचला होता आणि चहाबरोबर साखरही. दुकानदार म्हणून टेट दुसऱ्याने शुद्ध केलेली साखर विकत होते, तिच्या दर्जावर त्यांचा ताबा नव्हता. 1872 मध्ये लिव्हरपूलच्या लव्ह लेनवर त्यांचा मोठा कारखाना सुरू झाला. पुढे 1874 मध्ये ब्रिटनने साखरेवरचा कर पूर्णपणे उठवला. साखर स्वस्त झाली, खप वाढला आणि तयारीत असलेल्या कारखानदाराला त्याचा मोठा फायदा मिळाला. 1878 मध्ये लंडनच्या पूर्वेला, थेम्स नदीकाठी सिल्व्हरटाउन इथे त्यांनी दुसरा कारखाना उभारला. तिथे आजही साखर शुद्ध होते.

चौकोनी साखरेचा शोध टेट यांनीच लावला ना?

नाही, हा फार पसरलेला गैरसमज आहे.

त्याआधी साखर दुकानात कशी यायची ते पाहिलं म्हणजे हे प्रकरण नीट कळतं. शुद्ध साखर उंच शंकूच्या आकारात ओतत. तिला इंग्लंडमध्ये साखरेचा 'लोफ' म्हणत. हा शंकू दगडासारखा टणक असे आणि निळ्या कागदात गुंडाळलेला असे. दुकानदार तो फोडून त्याचे तुकडे करून विके. श्रीमंताघरी अख्खा शंकू नेत आणि स्वयंपाकघरात तो हातोडीने फोडत. मग अडकित्त्यासारख्या दिसणाऱ्या लोखंडी पकडीने छोटे छोटे खडे कापत. खडे वेडेवाकडे निघत, पूड सांडे, बोटंही कापत. टेट यांनी उमेदवारीत असे शंकू फोडले नसतील, असं मानणं मला कठीण जातं.

साखरेचा चौकोनी तुकडा पहिल्यांदा तयार केला तो मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, दाचित्से गावच्या साखर कारखान्याचे व्यवस्थापक याकुब क्रिश्तोफ राद यांनी. त्यांना 1843 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. साखर फोडताना राद यांच्या बायकोचं बोट कापलं आणि तिनेच नवऱ्याला यावर काहीतरी उपाय काढायला सांगितलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. दाचित्से गावात त्या साखरेच्या तुकड्याचं स्मारकही आहे. नंतर जर्मनीत कोलोनच्या ऑयगेन लांगेन यांनी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर साखरेच्या लाद्या पाडून त्यांचे तुकडे करण्याची रीत बसवली.

टेट यांनी 1872 मध्ये लांगेन यांच्याकडून ब्रिटनसाठी या रीतीचं पेटंट विकत घेतलं आणि पुढे सिल्व्हरटाउनला त्याचं उत्पादन सुरू केलं. शोध दुसऱ्याचा होता, पण हा तुकडा ब्रिटनमधल्या घराघरांत जाईल हे ओळखण्याची नजर टेट यांची होती. ती नजर दुकानदाराची. कपात किती साखर पडली हे आता तुकडे मोजून सांगता येत होतं आणि पकड-हातोडीची गरजच उरली नाही.

'टेट अँड लाइल' मधले लाइल त्यांचे भागीदार होते का?

नव्हते. एब्राम लाइल हे स्कॉटलंडच्या ग्रीनॉकचे. 'गोल्डन सिरप' हा दाट, सोनेरी पाक त्यांच्या कारखान्याचा. त्यांचा लंडनचा कारखाना टेट यांच्या कारखान्यापासून जवळच होता आणि दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. दोन्ही कंपन्या एक झाल्या 1921 मध्ये, तेव्हा दोघांनाही जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. साखर शुद्धीकरणाचा हा धंदा 2010 मध्ये एका अमेरिकी कंपनीकडे गेला.

चित्रं घ्यायची आवड कधी लागली?

पैसा आला आणि ते लंडनला राहायला आले तेव्हा ही आवड खऱ्या अर्थाने फुलली. दक्षिण लंडनमधल्या स्ट्रेटम इथे त्यांनी पार्क हिल नावाचं मोठं घर घेतलं आणि चित्रांसाठी तिथे खास दालन बांधलं. ते दालन ठरावीक दिवशी बाहेरच्या लोकांनाही खुलं असे. चित्रकारांशी त्यांचा घरोबा होता. जॉन एव्हरेट मिले हे त्या काळचे सर्वांत नावाजलेले चित्रकार त्यांचे मित्र होते.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की टेट यांनी मुख्यतः हयात चित्रकारांची चित्रं घेतली. त्या काळी इंग्लंडमधले उमराव इटालियन आणि डच जुन्या उस्तादांच्या मागे असत. टेट यांनी आपल्या काळातल्या, आपल्या देशातल्या कलावंतांना काम दिलं आणि चोख पैसे मोजले.

त्यांच्या संग्रहातली कोणती चित्रं आज प्रसिद्ध आहेत?

तीन चित्रांबद्दल सांगतो.

पहिलं मिले यांचं 'ऑफेलिया', 1851-52 मधलं. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधली ऑफेलिया ओढ्यात बुडते आहे. हात पसरलेले, ओठ किंचित उघडे, भोवती पाण्यावर फुलं तरंगताहेत. मिले यांनी आधी महिनोन्महिने सरे परगण्यात हॉग्समिल नदीच्या काठावर बसून झाडोरा आणि पाणी रंगवलं. मग हिवाळ्यात एलिझाबेथ सिडल या तरुणीला लंडनच्या स्टुडिओत पाण्याने भरलेल्या टबात झोपवून आकृती रंगवली. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे ठेवले होते. ते विझले, मिले कामात इतके गढले होते की त्यांना ते कळलंही नाही, आणि सिडल आजारी पडली. औषधपाण्याचा खर्च द्या म्हणून तिच्या वडिलांनी तगादा लावला होता. हे चित्र काढलं गेलं तेव्हा टेट लिव्हरपूलमध्ये किराणा विकत होते. पुष्कळ वर्षांनी ते त्यांच्याकडे आलं.

दुसरं जॉन विल्यम वॉटरहाउस यांचं 'द लेडी ऑफ शॅलॉट', 1888 मधलं. शाप लागलेली एक स्त्री पांढऱ्या वस्त्रात नावेत बसली आहे, हातात नावेची साखळी आहे आणि तिने विणलेला गालिचा काठावरून पाण्यात लोंबतो आहे. समोर तीन मेणबत्त्या, त्यातल्या दोन विझलेल्या. हे चित्र पुस्तकांत आणि पोस्टरांवर इतकं छापलं गेलंय की नाव माहीत नसलेल्यांनीही ते कुठेतरी पाहिलेलं असतं.

तिसरं माझ्या सर्वांत आवडीचं: ल्यूक फिल्ड्स यांचं 'द डॉक्टर'. टेट यांनी 1890 च्या सुमारास स्वतः काम सांगून हे चित्र काढून घेतलं आणि त्यासाठी 3,000 पौंड दिले. विषय फिल्ड्स यांनीच निवडला. त्यांचा मुलगा 1877 च्या नाताळात वारला होता. त्या वेळी धावून आलेल्या डॉक्टरची मूर्ती त्यांच्या मनात राहिली होती. चित्रात एका गरीब घराची खोली आहे. दोन वेगळ्या धाटणीच्या खुर्च्या जोडून त्यावर आजारी मूल निजवलंय, त्याचा एक हात बाहेर पडलाय. डॉक्टर हनुवटीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत बसलेत. त्यांना करण्यासारखं आता काही उरलेलं नाही, तरी ते उठून गेलेले नाहीत. मागे अंधारात आई टेबलावर डोकं टेकून बसलीये आणि बापाचा हात तिच्या खांद्यावर आहे. खिडकीतून पहाटेचा उजेड आत यायला लागलाय. खोली अस्सल दिसावी म्हणून फिल्ड्स यांनी आपल्या स्टुडिओत झोपडीचा आतला भाग खराखुरा उभा केला होता.

सरकारने त्यांची चित्रं नाकारली, हे खरं आहे का?

अर्धं खरं. 1889 मध्ये टेट यांनी आपला संग्रह देशाला देऊ केला. नॅशनल गॅलरीच्या विश्वस्तांकडे सगळी चित्रं लावायला जागा नव्हती. मग ब्रिटिश चित्रांसाठी वेगळी इमारत हवी, अशी चर्चा सुरू झाली. 1890 मध्ये एका दात्याने नाव न सांगता 80,000 पौंड देऊ केले. सरकारने जागा द्यावी, इमारत मी बांधतो, असा प्रस्ताव होता. तो दाता म्हणजे टेट स्वतः, हे पुढे उघड झालं.

मग जागेवरून भांडणं सुरू झाली. साउथ केन्सिंग्टनची जागा ठरली, तर विज्ञानवाल्यांनी हरकत घेतली, ही जागा आमच्या संग्रहालयाला हवी म्हणून. लंडन शहराच्या महापालिकेने थेम्सकाठची एक जागा देऊ केली, ती जमली नाही. वर्तमानपत्रांतून पत्रापत्री झाली, टेट यांच्या आवडीनिवडीवरही शेरे मारले गेले. स्वतःच्या खिशातून एवढी रक्कम द्यायला निघालेल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दोन वर्षं ताटकळत ठेवलं गेलं, हे वाचताना आजही राग येतो. 1892 मध्ये वैतागून त्यांनी देणगी मागे घेतली.

त्याच वर्षी सरकार बदललं. नवे अर्थमंत्री विल्यम हारकोर्ट यांनी मिलबँकची जागा पुढे केली आणि गाडी रुळावर आली. वास्तुरचनाकार सिडनी स्मिथ यांनी आराखडा केला. 21 जुलै 1897 रोजी प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आठ दालनं आणि 245 कलाकृती, त्यात टेट यांनी दिलेली सुमारे 65 चित्रं. मित्र मिले मात्र हा दिवस पाहायला नव्हते, ते आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारले होते.

जागा लगेच अपुरी पडू लागली, तेव्हा वाढीव दालनांचा खर्चही टेट यांनीच केला. ते काम 1899 मध्ये पुरं झालं.

तिथे आधी तुरुंग होता म्हणतात?

बरोबर. मिलबँकचा तुरुंग 1816 मध्ये सुरू झाला आणि 1890 मध्ये बंद पडला. ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवायच्या कैद्यांना तिथे ठेवत. जमीन दलदलीची, रोगट. तुरुंग पाडून त्याच भूखंडावर हे चित्रालय उभं राहिलं.

टेट यांचा पैसा गुलामगिरीतून आला का?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि त्याचं एका शब्दात उत्तरही नाही.

टेट यांच्या मालकीचे गुलाम किंवा उसाचे मळे नव्हते. ब्रिटिश संसदेने वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा 1833 मध्ये केला तेव्हा ते 14 वर्षांचे होते. पण साखरेचा धंदाच मुळात गुलामांच्या श्रमावर उभा राहिलेला होता आणि लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापारातलं ब्रिटनचं सर्वांत मोठं बंदर होतं. शिवाय 1846 च्या कायद्यानंतर क्यूबा आणि ब्राझीलच्या साखरेवरचा जादा कर टप्प्याटप्प्याने गेला. त्या देशांत गुलामगिरी चालूच होती, क्यूबात 1886 पर्यंत आणि ब्राझीलमध्ये 1888 पर्यंत. ती साखर ब्रिटनच्या बाजारात येत होती, त्याच वर्षांत टेट आधी किराणा आणि मग शुद्ध साखर विकत होते.

ब्रिटिश वसाहतींत गुलामांच्या जागी कोण आले, तर आपली माणसं. 1834 पासून मॉरिशसला, 1838 पासून गयानाला, 1845 पासून त्रिनिदादला भारतातून करारावरचे मजूर, गिरमिटिये, जहाजं भरभरून नेले गेले. बहुतेक बिहार आणि उत्तर भारतातले, पण मुंबई बंदरातून कोकणातली आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतली माणसंही मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात आणि मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्यांच्या घामाची साखर टेट यांच्याच कारखान्यात गेली, असं मी म्हणत नाही. पण त्या काळच्या साखरेच्या जगाची घडी अशी होती आणि टेट त्या जगात श्रीमंत झाले.

टेट संस्थेने स्वतःच आपल्या इतिहासातल्या या भागाचा अभ्यास करून तो जाहीरपणे मांडला आहे. हे मला योग्य वाटतं. देणगीचं मोल मान्य करायचं आणि पैशाची वाटही दाखवायची, यात विरोध नाही.

त्यांनी आणखी कुठे दान केलं?

पुष्कळ ठिकाणी, आणि बरंचसं गाजावाजा न करता. लिव्हरपूलच्या विद्यापीठाला 42,500 पौंड, तिथल्याच हानेमान होमिओपॅथी रुग्णालयाला 20,000 पौंड, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजच्या ग्रंथालयाला 10,000 पौंड, मुलींच्या बेडफर्ड कॉलेजला 3,500 पौंड. दक्षिण लंडनमध्ये स्ट्रेटम, साउथ लँबेथ आणि ब्रिक्स्टन इथे त्यांनी मोफत वाचनालयं बांधून दिली. ब्रिक्स्टनचं 1893 मध्ये सुरू झालं आणि आजही चालू आहे.

यातली ऑक्सफर्डची देणगी मला विशेष बोलकी वाटते. टेट यांच्या लहानपणी युनिटेरियन पंथाच्या मुलाला ऑक्सफर्डची पदवी घेताच येत नसे, कारण चर्च ऑफ इंग्लंडच्या मतांवर सही करावी लागे. ती अट जाऊन फार वर्षं झाली नव्हती.

त्यांना 'सर' ही पदवी होती का?

हो, 1898 मध्ये ते बॅरोनेट झाले, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा 'सर' किताब त्यांना मिळाला. त्याआधी त्यांनी पदवीला नकार दिला होता. पुन्हा नाही म्हणालात तर राजघराण्याचा अवमान होईल, असं सांगितल्यावर त्यांनी ती स्वीकारली.

चित्रालयाला त्यांचं नाव कधी मिळालं?

सुरुवातीचं अधिकृत नाव 'नॅशनल गॅलरी ऑफ ब्रिटिश आर्ट' असं होतं. लोक पहिल्यापासून टेट गॅलरीच म्हणत. 1932 मध्ये तेच नाव अधिकृत झालं. पुढे 1988 मध्ये लिव्हरपूलच्या जुन्या गोदीत टेट लिव्हरपूल, 1993 मध्ये टेट सेंट आइव्ह्ज आणि 2000 मध्ये थेम्सकाठच्या बंद वीजनिर्मिती केंद्रात टेट मॉडर्न सुरू झालं. मूळ इमारत तेव्हापासून टेट ब्रिटन.

टेट यांची चित्रांची पारख खरंच चांगली होती का?

समीक्षकांचं मत फार अनुकूल नाही. गोष्ट सांगणारी, भावना हेलावणारी, रॉयल अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनात गर्दी खेचणारी चित्रं त्यांना आवडत. त्याच वर्षांत फ्रान्समध्ये मोने, देगा, सेझान हे नव्या वळणाचे चित्रकार रंगवत होते आणि टेट यांच्या संग्रहात त्याचा मागमूस नाही. त्यांनी घेतलेली काही चित्रं आज कोठारातच असतात.

तरीही मी त्यांच्या बाजूने बोलेन. 'ऑफेलिया' आणि 'द डॉक्टर' यांच्यासमोर लोक आज सव्वाशे वर्षांनंतरही थांबतात. कलेचा अभ्यास नसलेला माणूसही त्यांच्यापुढे अडखळत नाही. टेट यांनी सर्वसामान्य माणसाला भिडणारी चित्रं घेतली आणि ती सर्वसामान्य माणसाला फुकट पाहता येतील अशी सोय केली.

या संस्थेशी भारतीय कलावंतांचा काही संबंध आहे का?

आहे. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांना 1991 मध्ये टर्नर पुरस्कार मिळाला. समकालीन कलेसाठीचा हा पुरस्कार टेटच देतं. 2002 मध्ये टेट मॉडर्नच्या अवाढव्य टर्बाइन हॉलमध्ये त्यांचं 'मार्सियास' हे गडद लाल कापडाचं शिल्प हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून बसवलं होतं. मुंबईतच जन्मलेले आणि बडोद्यात रमलेले भूपेन खख्खर यांचं मोठं प्रदर्शन 2016 मध्ये टेट मॉडर्नने भरवलं. खख्खर पेशाने हिशेबनीस होते. न्हावी, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी छोट्या दुकानांतली माणसं त्यांनी मोठ्या मायेने रंगवली. एका दुकानदाराने उभारलेल्या संस्थेत ती चित्रं लागली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

लंडनला गेल्यावर काय पाहावं?

टेट ब्रिटन आधी. पिम्लिको स्टेशनवर उतरून पायी जाता येतं, कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही. 'ऑफेलिया' कधीकधी दुसऱ्या देशांत प्रदर्शनाला जाते, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून घ्या. 'द डॉक्टर' समोर थोडा वेळ द्या आणि मागच्या खिडकीतल्या उजेडाकडे लक्ष द्या, छापील प्रतीत तो नीट उतरत नाही. वेळ असेल तर दक्षिण लंडनच्या वेस्ट नॉरवूड दफनभूमीतही जा. टेट 5 डिसेंबर 1899 रोजी पार्क हिलच्या घरी वारले आणि त्यांना तिथे पुरलं. समाधीची लाल भाजलेल्या मातीची वास्तू सिडनी स्मिथ यांचीच आहे.